वसुधाताईंनी माझं नाव घेतलं

चालू झालं व्हय तुमचं मशीन? मग ऐका, चिन्मयीबाई. तुमच्या आत्याला, वसुधाताईंना, पंच्याहत्तरावं लागलं, तेंच्यावर पुस्तक काढणार, त्यात खेड्यातली एक बाई पाहिजे, म्हणून तुम्ही कुरणवाडीपर्यंत आलाय. चांगलं केलंसा. "दोन गोड शब्द बोला रुक्माबाई" म्हणालासा. गोड शब्द हाईत माझ्याजवळ, न्हाय असं न्हाय. पण जे हाय ते सगळं घ्यायचं असलं तरच बोलते. निम्मं कापून छापायचं असलं तर चहा घ्या आणि सुखानं जावा.

बसताय? बसा मग.

ताई बेळगावात, टिळकवाडीत वाढल्या, हे तुमाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वडील कोर्टात कारकून. घरात आवाज चढवायचा न्हाय, उष्टं टाकायचं न्हाय, खोटं बोलायचं न्हाय, असली शिस्त. लग्न झालं, मालक बँकेत व्हते, पोरबाळ झालं न्हाय आणि मालकही लवकर गेले. ताईंनी मुलींच्या हायस्कुलात जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. ग्रामसभा म्हंजे काय, ती कोण बोलावतंय, तिथं कुणाचं चालतंय, सगळं तोंडपाठ. तर रिटायर व्हायच्या वर्षी वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः बघितलीसा काय ग्रामसभा?" त्या दिवशी घरी जाऊन ताईंना जेवण गेलं न्हाय म्हणे. ही गोष्ट तेनी मला कितीदा सांगितली असंल, आणि दर वेळेला सांगताना स्वतःवरच चिडायच्या. जन्मभर शिकवलं आणि बघितली न्हाय!

मग रिटायर झाल्यावर निघाल्या ग्रामसभा बघायला. एखादी बाई काशीला जाईल, ह्या ग्रामसभेला. आणि आल्या कुठं, तर आमच्या कुरणवाडीला. सुती लुगडं, पायात पोरांचे खेळायचे बूट, खांद्याला पिशवी. मी पंचायतीच्या दारात दाखल्यासाठी उभी व्हते. आत पीडीओ साहेब, म्हंजे पंचायतीचा सरकारी अधिकारी, चार मेंबर, चहा, चिवडा. ताईंनी दारातनं विचारलं, "ग्रामसभा किती वाजता आहे?" आतनं कोण तरी म्हणालं, "झाली की मघाशीच." ताई म्हणाल्या, "मी तासभर या पायरीवर बसलेय. मला तर चिवडा गेलेला दिसला, सभा काही दिसली नाही." मला असं हसू आलं बघा, की पीडीओनं मान वर करून बघितलं. त्या दिवशी ताई माझ्या घरी आल्या, भाकरी आणि ठेचा खाल्ला, नाकातनं पाणी गळालं तरी "छान आहे, छान आहे" म्हणत राहिल्या. आमची वळख अशी झाली.

तेंनी मंच काढला तो त्याच्यानंतर. ताई आणि केशवराव वकील. केशवराव अध्यक्ष, ताई कार्यवाह, केशवरावांच्या घरातली पुढची खोली म्हंजे ऑफिस. नाव ठेवलं 'जागर मंच'. गावागावात ग्रामसभा खरीखुरी भरवायची, पंचायतीला जाब विचारायचा, बायकांनी उभं राहून बोलायचं, हे काम. केशवराव मऊ बोलणार, एकेक शब्द घडी घालून ठेवल्यासारखा. ताईंचं तसं न्हाय. ताई चिडायच्या, हसायच्या, रस्त्यातच वाद घालायच्या. पीडीओसंगट बोलता यावं म्हणून त्या वयात कन्नड शिकल्या. "नमगं नीर बेकू" म्हणायच्या, म्हंजे आमाला पाणी पाहिजे, आणि आमची कन्नड ऐकून वाढलेली पोरं खुसखुस हसायची. हसू दे म्हणायच्या. पाणी मिळालं म्हंजे झालं.

माझ्या सोप्यात तालीम चालायची. एका बाईनं ताईंचा चष्मा लावून साहेब व्हायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचा. साहेब झालेली बाई कधी कधी एवढा तोरा दाखवायची की पोट धरून हसायचो. पण पुढच्या ग्रामसभेत खरंच उभं राहिलो की वो! आदी माझे पाय लटलट कापायचे. नंतर नंतर पीडीओचे कापायला लागले. आंगणवाडीचा तांदूळ वेळेवर यायला लागला, शाळेला संडास झाला, वाकलेला विजेचा खांब सरळ झाला. मला मंचाच्या कमिटीत घेतलं. कमिटीत मी एकटीच खेड्यातली, बाकी सगळे टिळकवाडी आणि शहापूरचे. ताई मला शेजारी बसवून घ्यायच्या. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तवा दवाखान्यात माझ्या उशाला कोण व्हतं? आमचे मालक मच्छे गावच्या कारखान्यात कामाला, रजा मिळाली न्हाय. ताई बसल्या. माझं डोकं विंचरलं. सख्खी बहीण करणार न्हाय ते केलं. हे छापा तुम्ही, मोठ्या अक्षरात छापा. ह्यातलं एक अक्षर खोटं न्हाय.

आता माझ्या भावाचं सांगते. त्याच्याशिवाय पुढचं कळणार न्हाय.

भरमा माझ्या पाठचा. आई लवकर गेली, त्याला मी काखेत घेऊन वाढवला. माझं लग्न गावातल्या गावातच झालं, त्यो वरच्या गल्लीत, मी खालच्या गल्लीत. माझं माहेर म्हंजे चालत जाऊन चहा पिऊन यायचं अंतर. हसू नका, माहेर जवळ असलं म्हणून कमी असतंय व्हय? सणाला मला तिथंच जायचं असायचं, भांडण झालं की तिथंच, आनंद झाला की तिथंच. त्याच्या घरात मी चुलीपाशी बसणार, विचारल्याशिवाय डबा उघडणार. भरमा माणूस भोळा, नाही म्हणायला जीभ उचलत न्हाय त्याची. नागोजी सावकाराच्या पाठिंब्यानं पंचायतीत मेंबर झाला आणि तिथंच अडकला.

आमच्या खालच्या गल्लीला पाण्याचे हाल. त्यासाठी पंचायतीनं बोअर मंजूर केली. मशीन आलं, आमच्या गल्लीत जरा गुरगुरलं, खडक लागला म्हणून गप झालं आणि गेलं. मग तेच मशीन नागोजीच्या मळ्यात जाऊन उभारलं. धबाधबा पाणी लागलं. नागोजी म्हणाला, ही माझी बोअर, माझ्या पदरचं घालून मारली. गावाला वास आलता, पण दाखवणार काय? पाइप मातीखाली आणि मेंबर मुठीत.

पंचमीला मी माहेरी गेलते. दुपारचं जेवण झालं, भावजय लाडू बांधत बसलेली. भरमा माझ्याजवळ येऊन बसला आणि एकदम रडायलाच लागला. म्हणाला, "आक्का, ती बोअर तुमच्या गल्लीचीच हाय गं. नागोजीच्या घरात बसून आमी ठरवलं. मी हात वर केला. तुझ्या दारात बायका घागरी घेऊन भांडत्यात ते बघून मला भाकरी गोड लागंना." मी त्याला शिव्या घातल्या. मग जवळ घेतला. काय करणार? लेकरासारखा वाढवलेला.

आता तुम्ही म्हणशीला, मी गप बसायची व्हते. का गप बसू? माझ्या गल्लीतल्या पोरी पाण्यापायी शाळा बुडवायच्या. मी ताईंना सांगितलं. पण कसं सांगितलं ते नीट ऐका. ताईंचा हात धरून सांगितलं. म्हटलं, "ताई, ही गोष्ट माझ्या भावानं मला सांगितलीय, जगात दुसऱ्या कुणाला न्हाय. माझं नाव आलं की त्याला दुसऱ्या मिनिटाला कळणार कुणी फोडलं. मला सवड द्या. मी त्याला तयार करते. त्यो आपल्या तोंडानं उभा राहून सांगंल. तसं झालं तर पाणीबी येईल आणि भाऊबी राहील." ताईंच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाल्या, "रुक्मा, तुझं नाव माझ्या तोंडून जाणार नाही."

मी जाऊन जाऊन भरमाच्या मागं लागले. शेतात रताळ्याचे वेल लावताना त्याच्या सरीत जाऊन वाकायची आणि तेच बोलायची. आदी "वेड लागलंय काय तुला" म्हणायचा. मग नुसताच गप. मग एक दिवस म्हणाला, "नागोजी मला गावात राहू देईल काय?" म्हंजे विचार करायला लागलाय, हे मला कळलं. मी म्हटलं, "गाव राहू देईल. आमी बायका हाय की."

तेवढ्यात मंचानं जनसुनावणी ठेवली. तालुक्याचा मोठा साहेब येणार, लोकांनी त्याच्यापुढं गाऱ्हाणी मांडायची. समुदाय भवन भरून गेलं. सुनावणीच्या सकाळी भरमा माझ्या दारावरनं गेला. पांढरा सदरा घातलेला, दाढी केलेली. "येणार हाईस न्हवं?" मी विचारलं. "बघतो, आक्का," म्हणाला. आला. मागच्या भिंतीला टेकून बसला. त्यो सदरा त्यो फक्त लग्नाकार्याला घालतोय. मी मनात म्हटलं, आज हा उठणार.

ताईंनी बोअरचा विषय काढला. लई ताकदीनं बोलल्या. साहेबानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "यार हेळ्यार? हेसर हेळ्री." कुणी सांगितलं? नाव सांगा. नाव नसलेली तक्रार मी ऐकत न्हाय, मला दुसऱ्या गावी जायचंय. नागोजी पुढच्या खुर्चीत बसून मिशीत हसत व्हता. मी मागं वळून भरमाकडं बघितलं. त्यानं एक हात जमिनीला टेकलावता. उठताना टेकतात तसा. देवाशपथ सांगते, टेकलावता.

आणि ताईंचा आवाज आला. "रुक्माबाई, उभ्या राहा. साहेब, या आमच्या कमिटीच्या सदस्य. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यातल्या एका मेंबरच्या या सख्ख्या बहीण. त्यांना हे घरातून कळलंय."

सगळं भवन माझ्याकडं बघाय लागलं. मी उभी राहिले की न्हाय ते मला आठवत न्हाय. बायका म्हणतात राहिलीस, बोललीस पण, चांगलं बोललीस. मला फक्त भरमा दिसत व्हता. त्यानं जमिनीवरचा हात उचलून मांडीवर घेतला आणि खाली मान घालून बसला. टाळ्या झाल्या की वो! माझ्या नावानं टाळ्या झाल्या.

साहेबानं तिथल्या तिथं चौकशी लावली. नागोजीनं हात झटकले. पंचायतीनंच माझ्या मळ्यात आणून मारली, मला मेंबरांनी जे सांगितलं ते मी ऐकलं, म्हणाला. सगळं घोंगडं मेंबरांच्या गळ्यात, आणि सगळ्यात जास्त भरमाच्या, कारण त्याचीच बहीण पुढं आलेली, नाव त्याचंच उघडं पडलेलं. त्यानं राजीनामा दिला. नागोजीचा केस वाकडा झाला न्हाय. आजबी पुढच्या खुर्चीतच बसतोय.

त्या दिवशी संध्याकाळी भरमा माझ्या दारात आला. उंबऱ्याच्या आत पाय टाकला न्हाय. मी म्हटलं, "भरमा, ऐक रं, मी न्हाय, त्या ताईंनी..." त्यानं हात वर करून मला थांबवलं. म्हणाला, "आक्का, मी तुला सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं." एवढं बोलला आणि गेला. ओरडला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर मी पण भांडले असते, रडले असते, आमचं मिटलं असतं. आमच्यात भांडून मिटतंय. हे तसलं नव्हतं.

मी बस धरली आणि टिळकवाडीला गेले. ऑफिसात ताई आणि केशवराव दोघं बसलेले. माझ्यापुढं पेढ्याचा पुडा ठेवला! मी म्हटलं, "पेढा राहू दे. ताई, तुम्ही मला शब्द दिलतासा." केशवरावांनी खुर्ची पुढं ओढली आणि आपल्या मऊ आवाजात मला समजावाय लागले. म्हणाले, "रुक्माबाई, हा ताईंचा एकटीचा निर्णय नाही. सुनावणीच्या आधी आपल्या कमिटीची बैठक झाली. साहेब नाव विचारणार याचा अंदाज होताच. गरज पडली तर तुमचं नाव द्यायचं की नाही, यावर चर्चा झाली, मतदान झालं आणि बहुमताने ठरलं. आपण सगळं पद्धतशीर केलं."

मला वाटलं माझ्या कानात काय तरी बिघाड झालाय. म्हटलं, "मतदान? माझ्या नावाचं मतदान? मी कमिटीत हाय न्हवं? मला का बोलावलं न्हाय?"

केशवराव काय म्हणाले ऐका. "विषय तुमचा होता ना. ज्याचा विषय, त्याने बैठकीत बसायचं नाही. हा नियम तुम्हीच आणला होता, रुक्माबाई."

खरं हाय. मीच आणला होता. त्याच्या आदल्या साली एक मेंबर आपल्याच भावाच्या ट्रॅक्टरनं पंचायतीची माती टाकायला निघालेला आणि त्याच बैठकीत हात वर करून बसलेला. तवा मी ग्रामसभेत ओरडले व्हते, ज्याचा विषय त्यानं बाहेर जायचं! ताईंना एवढं आवडलं की मंचानं आपल्या कमिटीलाबी त्यो नियम लावून घेतला. लबाडानं आपलं घर भरू नये म्हणून केलेला नियम त्यो. आणि ह्या शिकल्यासवरल्या माणसांनी त्याच नियमानं मला दाराबाहेर ठेवून माझ्या भावाचा सौदा केला. वर पेढे! ह्यांच्या डोक्यात एकदाबी आलं न्हाय का, की ही बाई काय ट्रॅक्टरवाली न्हाय, हिचं घर मोडतंय? केशवराव म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा असतो." बोलताना तोंडावर कसलीबी लाज न्हाय. लाज असती तर मला एवढं लागलं नसतं. तेंना खरंच वाटत व्हतं की चांगलं काम झालंय.

मी ताईंकडं वळले. विचारलं, "ताई, तुमचा हात वर व्हता का खाली?"

मग म्हणाल्या, "वर."

खोटं बोलल्या न्हाईत, बघा. वडिलांची शिस्त. खोटं बोलल्या असत्या तर मी मनाची समजूत घातली असती. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रुक्मा, साहेब उठून निघाला असता तर सगळंच गेलं असतं. तुझ्या गल्लीत पाणी येणार आहे. भाऊ काय, आज रागावेल, उद्या येईल."

मी म्हटलं, "त्यो उठत व्हता, ताई." तेनी विचारलं, "कोण?" मी सांगितलं, सदरा, दाढी, जमिनीवरचा हात, सगळं. ताईंनी केशवरावांकडं बघितलं, केशवरावांनी ताईंकडं. मग ताई म्हणाल्या, "पण ते आपल्याला कसं ठाऊक असणार?" मला विचारलं असतं तर ठाऊक झालं असतं! मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारचं माणूस बाहेर आलं. कमिटी तिथंच सोडली आणि आले.

पाणी आलं. न्हाय कशाला म्हणू. नागोजीच्या मळ्यातनं पाइप टाकून आमच्या गल्लीत टाकी बसवली. मीबी तेच पाणी पिते, आत्ता तुमी प्यालेल्या चहातबी तेच हाय. गल्लीतल्या बायका माझं नाव घेतात, पोरी शाळेला जातात. तुमच्या आत्यांनी केलं हे. आणि धारवाडहून, बेंगळूरहून पाहुणे यायला लागले, गाडीतनं उतरून मला बघायला. "हीच का ती बाई, जिनं सख्ख्या भावाला सोडलं नाही?" ताईंनी तेंना तशीच सांगितलेली गोष्ट. एका मॅडमनं तर मला विचारलं, एवढं धैर्य कुठून आणलंत. मी म्हटलं, माझ्याजवळ नव्हतं, कमिटीनं मतदान करून दिलं. तेंना काय कळलं न्हाय, लिहून मात्र घेतलं.

भरमाचं येणंजाणं बंद. पंचमी गेली, दिवाळी गेली, बोलावणं न्हाय. रस्त्यात दिसला तर बाजूला सरून वाट द्यायचा, अनोळखी बाईला देतात तशी. मी शेतात त्याच्या सरीत जाऊन उभी राहिले तर त्यो दुसऱ्या टोकाला जायचा.

आणि मग ह्या उन्हाळ्यात लक्ष्मीची जत्रा आली. आमच्याकडची ही जत्रा दर साली नसतीया, कित्येक वर्षांनी एकदा. घरं रंगवतात, दारात मांडव, मुंबई-पुण्याला गेलेली माणसं परत येतात. आणि गावच्या सगळ्या लेकींना माहेरचं बोलावणं असतंय. म्हातारी झालेली लेक असली तरी तिला लुगडं नेसवून ओटी भरतात. त्या दिवशी ज्या लेकीला बोलावणं न्हाय, तिनं समजायचं की तिचं माहेर संपलं. मी तर धरूनच चाललेली की येणार न्हाय. आणि एक दिवस भावजय कुंकवाचा करंडा घेऊन आली! कुंकू लावलं, "जत्रंला या" म्हणाली. मी तिच्या गळ्यातच पडले. आमचे मालक म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?" मी भरमाला पांढरं धोतर आणि टॉवेल घेतला. अंगात एवढं बळ आलं की सगळं घर मी एकटीनं सारवलं असतं.

जत्रंच्या दिवशी सकाळीच गेले. लेकी लवकर जातात, पुरण वाटायला, पोळ्या लाटायला. चुलीपाशी जाऊन बसले, पदर खोचला, लाटणं हातात घेतलं. भावजयीनं हळूच ते माझ्या हातातनं काढून घेतलं. "तुमी बाहेर बसा की," म्हणाली, "काम करायला आमी हाय." मी म्हटलं, उशीर झालेला असंल, माणसं पुरेशी असतील. मनाला काय बी सांगता येतंय. पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिले, म्हटलं पंगतीला पाणी तरी वाढावं.

तेवढ्यात मांडवात ताई आणि केशवराव आले. जत्रंला सगळ्यांनाच बोलावतात, मंचालाबी गावानं निमंत्रण दिलेलं. भरमानं तेंना बघितलं. पुढं झाला, हात जोडले, "या, या" म्हणाला, पाट मांडले. काय राग न्हाय, काय न्हाय. मग त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या सुनावणीनंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघितलं. मी हसले. त्यानं ताईंच्या शेजारी अजून एक पाट मांडला, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि म्हणाला, "तुम्ही पण बसा हितं. संस्थेची माणसं एका पंगतीला बसू द्या."

बसले. काय करणार, मांडवभर माणसं. ताईंनी माझा हात दाबला. तेंचा चेहरा आनंदानं फुललेला. कानात म्हणाल्या, "बघ रुक्मा, मी म्हणाले नव्हते? आला की नाही भाऊ?" मी तेंच्याकडं बघत राहिले. एवढी शिकलेली बाई, एवढी गावं फिरलेली, माझ्या चुलीपाशी वर्षानुवर्षं जेवलेली. तिला दिसलं न्हाय. तिला खरंच दिसलं न्हाय, चिन्मयीबाई.

घरातल्या लेकींची पंगत आत, देवघराच्या खोलीत बसली व्हती. आतनं हसणं ऐकू यायचं. भरमा स्वतः वाढायला आला. ताईंना पोळी वाढली, केशवरावांना वाढली, मला वाढली. तूप सोडलं, हात आखडता घेतला न्हाय. मग पंगतीच्या कडेला उभा राहून, परगावच्या पाहुण्यांना म्हणतात तसं, तिघांनाबी हात जोडून म्हणाला, "सावकाश जेवा."